मिठाची साक्ष

"आत्ये, या डब्यातलं मीठ कुठं गेलं?"

रंजिता शेडच्या दारात उघडा स्टीलचा डबा घेऊन उभी होती. झाकणाच्या भोकाभोवती तिनं सकाळी लिंपलेली कणीक सुटून लोंबत होती. सेन्सरची काळी वायर बाहेर ओढलेली, आणि आतलं प्लास्टिकचं बूच रिकामं.

"टाकलं चुलीत," बाईजा म्हणाली. रंजिताची ही सासू ओट्यावर बसून निवांत तांदूळ निवडत होती. "असं तडतडलं गो, असं तडतडलं! लय वाईट नजर होती मशीनला."

"नजर?"

"तूच नाय का ठेवलंस मशीनजवळ मीठ? मी म्हनलं, शिकलेली पोर, पन दृष्ट काढायला लाजली नाय. पन मंग ते मीठ घरात ठेवतात का? जाळायचं असतं. तू इसरलीस, म्हनून मी जाळलं."

रंजितानं डबा खाली आपटला. आठ तास डबा बंद राहायला हवा होता. पाचच झाले होते.

"दृष्ट नव्हती काढत मी. तपासत होते, तपासत! ओलं मीठ बंद डब्यात ठेवलं की आतली हवा पंच्याहत्तर टक्के दमट होते. कुठंही, कधीही. मशीननं पंच्याहत्तर दाखवलं तर मशीन खरं. नव्वद दाखवलं तर खोटं. कळलं?"

"मंग तसं सांगायचं ना."

"तीन वेळा सांगितलं!"

"माझ्या कानाला काय मशीन लावलंय व्हय?"

वैशाखरे गावाच्या कडेला, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर महिला गटाची ही शेड होती. अकरा बायका, दोनशे चाळीस पिशव्या. भाताच्या पेंढ्यानं भरलेल्या या पिशव्या दोरीला टांगायच्या आणि त्यांच्या भोकांतून धिंगरी अळंबी काढायची. योजनेतून शेड मिळाली, तिच्याबरोबर एका कंपनीचं यंत्रही आलं: भिंतीवर एक डबा, छताला फवारे, मध्ये वायरला लोंबणारा सेन्सर. हवा पंच्याऐंशी टक्क्यांपेक्षा कोरडी झाली की फवारे आपोआप सुरू होणार, असं सांगितलं होतं. हातानं सुरू करायची सोय डब्याच्या आत होती आणि डब्याला कुलूप होतं. किल्ली कंपनीकडे.

पहिली दोन पिकं चांगली आली. मार्चमध्ये ऊन चढलं आणि अळंबीच्या कडा फाटायला लागल्या. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की पिवळे पडून वाळत. शेडमध्ये शिरलं की ओठ सुकत, आणि भिंतीवरचा आकडा मात्र म्हणे एक्क्याण्णव टक्के. फवारे गप्प.

बायका पाठीवरच्या पंपानं पाणी मारू लागल्या. रंजितानं कंपनीला फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, एक्क्याण्णव असताना वरून पाणी मारता? म्हणूनच पीक सडतंय. पाणी बंद करा."

"सडत नाय ओ, वाळतंय."

"आकडा बघा मॅडम. आकडा खोटं बोलत नाही."

चार दिवस पाणी बंद ठेवलं. सत्तर पिशव्या वाळल्या. मग योजनेच्या कार्यालयाचं पत्र आलं: मंगळवारी कंपनीचा इंजिनीअर पाहणी करील, तोवर पाणी बंदच ठेवा. निष्काळजीपणा आढळला तर शेड दुसऱ्या गावच्या गटाला दिली जाईल.

गटाची सचिव रंजिता होती, त्यामुळे पत्र तिच्या नावावर आलं. तिनं डोकं थंड ठेवलं. आधी उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून खोलीचं तापमान दाखवणारा काचेचा थर्मामीटर आणून सेन्सरशेजारी तासभर टांगला. यंत्रात एकतीस, काचेत एकतीस. म्हणजे तापमान बरोबर होतं. राहिला दमटपणा. तो तपासायची मिठाची रीत तिला एका व्हिडीओत सापडली. रविवार तिनं त्यासाठी ठेवला होता, आणि रविवारचं मीठ चुलीत गेलं.

पुन्हा मीठ भिजवून डबा लिंपला, तर दोन तासांत लाइनच्या बिघाडानं वीज गेली ती मंगळवारी सकाळी नऊला आली. सोमवारही गेला.

मंगळवारी अकराला मितेश आला. भिवंडीकडचा, पंचविशीतला, पाठीवर कंपनीची बॅग. शेडभर एक चक्कर मारून त्यानं मोबाइल काढला.

"ताई, भिंतीवर किती?"

"एक्क्याण्णव."

त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. "आणि माझ्या ॲपमध्ये? एक्क्याण्णव. मॅच झालं. सेन्सर ओके."

रंजितानं मोबाइलवर बोट ठेवलं. "ओ साहेब, ॲपमध्ये आकडा कुठून येतो?"

"सेन्सरमधून."

"ह्याच?"

"हो."

"मंग चोराला चोरच साक्षीदार झाला की! दुसरं मीटर आना ना तुमचं."

"मीटर शहापूरच्या साइटवर आहे." त्यानं नजर चुकवली. "ताई, मी काय करू? फॉर्ममध्ये जे दिसतं ते लिहितो मी."

"आठ तास थांबा. मी मिठाच्या डब्यात तपासून दाखवते."

"आठ तास? मला दोनला किन्हवलीला पोचायचंय."

तो भिंतीला टेकून मोबाइलवर फॉर्म भरायला लागला. रंजिताला त्याच्या अंगठ्याखाली सरकणारे रकाने दिसत होते. पीक नुकसानीचं कारण: ग्राहकाची हाताळणी. अकरा बायकांना संध्याकाळी काय सांगायचं?

तेवढ्यात बाईजा पदर खोचून आत आली. कोणाकडे न बघता ती सरळ भिंतीवरच्या डब्याखाली गेली आणि फळीवरून एक वाटी उचलली.

"आता काय करताय, आत्ये?"

"मीठ न्यायला आले. परवा तू एवढी बोललीस, म्हनलं मशीनची दृष्ट नीट काढावी. म्हनून मूठभर ठेवलं व्हतं हितं. दोन दिस झाले, आता जाळते." चालता चालता तिनं वाटी हलवली. वाटीत खडे खडखडले.

रंजिताच्या कानात तो आवाज शिरला आणि ती ओरडली, "थांबा! फेकू नका!"

"अगो बया! जीव गेला ना माझा!"

रंजितानं वाटी हिसकावून घेतली. खडे बोटांत चोळले. कोरडे ठणठणीत, हाताला साधा ओलावा नाही.

"आत्ये, आषाढात आपल्या मिठाच्या मडक्याचं काय होतं?"

"काय व्हायचंय? पाझरतं. खाली परात ठेवावी लागते."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात कशाला पाझरंल? हवेत पानी असंल तर मिठाला सुटंल ना."

रंजिता मितेशकडे वळली. "तुमच्या घरी पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात का नाय?"

"टाकतात. आई टाकते."

"कशाला?"

"मीठ ओलं होऊ नये म्हणून..." त्याची नजर वाटीकडे गेली.

"पंच्याहत्तरच्या वर हवा गेली की मिठाला पानी सुटतंच. हे मीठ दोन दिवस ह्याच शेडमध्ये, तुमच्या मशीनखाली हाय. मशीन म्हनतं एक्क्याण्णव. मंग ह्याचं पानी कुठंय? दाखवा मला."

मितेशनं वाटी घेतली. एक खडा दातांखाली धरला, तो कुडकन फुटला. मग त्यानं भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं. आता तिथं ब्याण्णव झालं होतं.

"च्यायला," तो हळूच म्हणाला.

"शिव्या बाहेर जाऊन दे रे," बाईजा म्हणाली. "आत पीक हाय."

त्यानं किल्ली काढून डबा उघडला, सेन्सरची वायर सोडवली आणि आतला खटका हातानं चालवायच्या खुणेवर वळवला. छतावर फवारे फुसफुसले आणि शेडभर पांढरं धुकं उतरलं. सहा दिवसांनी पाणी आलं होतं. रंजितानं तोंड वर करून ते धुकं चेहऱ्यावर घेतलं. सत्तर पिशव्या काही परत येणार नव्हत्या.

"नवा सेन्सर एकवीस दिवसांत येईल," मितेश म्हणाला. "तोवर हातानं चालवा. किल्ली ठेवा, पण मी दिली असं सांगू नका." तो पुन्हा फॉर्मकडे वळला. "कारण: सेन्सर सदोष. पडताळणीचं साधन..." त्यानं लिहिलं, खडे मीठ. "आता हा साधनाचा नंबर मागतोय. नंबर टाकल्याशिवाय पुढं जात नाही हे."

"मिठाला कुठला नंबर?" रंजिता म्हणाली.

"एक नंबर मीठ हाय ते!" बाईजा फणकारली. "भाईंदरचं. खडा बघ कसा हाय."

मितेशनं एक टाकला. ॲपनं फॉर्म स्वीकारला.

तो गेल्यावर बाईजानं वाटीसाठी हात पुढं केला. "आन आता. जाळते."

रंजितानं वाटी पदरानं पुसली, मीठ कोरड्या डब्यात ओतलं आणि झाकण घट्ट दाबलं.

"राहू द्या, आत्ये. नवा सेन्सर यायचाय. त्याची पन दृष्ट काढायचीय."