खोटं गिऱ्हाईक

वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढली मी. दुकानदार मापात पाप करतो असा संशय आला, की आधी खोटं गिऱ्हाईक पाठवायचं आणि मग धाड घालायची. बेंगळुरूतले भलेभले सराफ मी असे पकडलेत. मग माझ्या रक्तावर धंदा करणाऱ्यांना काय सोडणार?

मला हिपॅटायटिस बी आहे, जन्मतःच आईकडून आलेला. त्यातून यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आणि रक्तातलं एएफपी मोजायचं. कॅन्सर होत असला तर तो आकडा वाढतो म्हणे. या खेपेला माझा अठरा आला.

"स्वल्प वाढलाय. महिन्याभराने परत बघूया," डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. बाई निपाणीकडच्या, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांचा मला आधीच संशय.

महिन्याने लॅबची मुलगी राजाजीनगरच्या घरी रक्त न्यायला आली, तेव्हा मी खुर्चीत धाकट्या भावाला बसवलं. प्राणेश म्हणजे सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस. त्याला आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्या नावाने रक्त दे. धडधाकट माणसाचा आकडा वाढवून दाखवला, की सापडले चोर!"

"सरी अण्णा," म्हणत त्याने बाही वर केली. माझा शब्द तो कधी मोडत नाही.

रिपोर्ट आला चारशे ऐंशी! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तडक जाऊन कागद बाईंच्या टेबलावर आपटला.

"हे रक्त माझं नाहीच! माझ्या भावाचं आहे. आता बोला!"

बाई चपापल्या नाहीत. "सख्खा भाऊ? एकाच आईचे तुम्ही? त्यांची बी-ची तपासणी कधी केलीत?"

मी कागद परत उचलून आकडा वाचला.

"सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला, भावंडांना घेऊन या म्हणून."

सांगितलं होतं. मला वाटलं, बाई गिऱ्हाइकं वाढवतायत. घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याच दुपारी प्राणेशला घेऊन गेलो. चार दिवसांत सगळ्या तपासण्या झाल्या. बी निघाला, आणि स्कॅनमध्ये यकृतात अडीच सेंटिमीटरची गाठ. कॅन्सरच.

"लहान आहे, ऑपरेशन करता येईल," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वीच लक्ष ठेवायला लागलो असतो, तर याहून लवकर सापडली असती."

त्यांच्या चेहऱ्यावर कुठे खोट दिसते का, ते मी न्याहाळत होतो. दिसावी असं फार वाटत होतं. दिसली नाही. मला माझीच शिसारी आली.

बाहेर बाकावर बसल्यावर प्राणेशने विचारलं, "अण्णा, हे आईकडून येतं म्हणे. मग तुझं कळलं तेव्हाच मीही तपासून घ्यायला पाहिजे होतं की. तुला तसं कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही रे," मी म्हणालो.

त्याने लगेच विश्वास ठेवला.