तेलाचा विषय

मी एक नळी. हो हो, बंदुकीचीच! पण दचकू नका. छर्ऱ्यांच्या एअरगनची आहे मी. उभ्या आयुष्यात कागदाशिवाय कुणाला भोक पाडलेलं नाही.

कारखान्यात माझ्या पोटात बारीक आटे कोरले, तेव्हापासून मला एक खोड आहे. छर्रे उडून उडून आत शिशाचा पातळ थर बसतो. तो बसला की मी सुतासारखी सरळ. कुणी तो पुसून तेल चोपडलं, की पुढचे तीस-चाळीस छर्रे कुठे जातील ते माझं मलाच ठाऊक नसतं. म्हणून मला साफ करायचं ते क्वचित, तेही कोरड्या चिंधीनं.

पण हे माझ्या मालकिणीच्या वडिलांना कोण सांगणार? जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केलेला माणूस. "मागायच्या आधी तेल घालावं, ती खरी माया," म्हणायचे. लेकीच्या पहिल्या निवड स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोऱ्याला चिंधी बांधली, मशीनच्या तेलात भिजवली आणि माझ्या आरपार ओढली. एकदा नाही, अकरा वेळा! मला अस्सा राग आला. पण हात इतके हळुवार, की रागावताही येईना.

स्पर्धेआधी सरावाला पंधरा मिनिटं मिळतात. सगळे छर्रे भलतीकडेच. पोरगी रडकुंडीला आली. तिनं मला हुंगलं आणि मागं वळून पाहिलं. बाकावर बाबा हात जोडून बसलेले. ती पुन्हा पुढं वळली. नुसते छर्रे झाडत राहिली. मी ताळ्यावर आले तेव्हा मिनिटभर उरलं होतं. निवड झाली. अगदी शेवटच्या जागेवर, पण झाली.

"बघ, तेलाचा गुण!" बाबा म्हणाले.

"तर काय! तुमचा हातच तसा आहे."

झालं! पुढं सहा वर्षं प्रत्येक स्पर्धेआधी बाबा तेल घालायचे आणि ती सकाळी तासभर आधी जाऊन बाजूच्या सरावाच्या जागेत छर्रे झाडून ते उडवून टाकायची. तिचे सर कपाळाला हात लावायचे. परवा म्हणालेच, "अगं, एकदा सांगून टाक ना त्यांना."

"नको सर. माझ्यासाठी त्यांना एवढंच करता येतं."

नेमके तेव्हा बाबा तिचा विसरलेला हातमोजा घेऊन दारात उभे होते. आले तसे परत गेले.

काल संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं मला मांडीवर घेतलं. कुपी काढली, टोपण उघडलं, आणि तसंच लावून टाकलं. बाहेरून तेवढं पुसलं.

"झालं का हो बाबा तेल?" आतून लेकीनं विचारलं.

"झालं की!" मग मला हळूच म्हणाले, "तू गप्प बस हं."

आज ती तासभर आधी आली. पहिलाच छर्रा मधोमध. दुसराही. तिनं मला हुंगलं. मग मला कुशीत धरून खूप रडली.

घरी आल्या आल्या म्हणाली, "बाबा, आज तेल काय सुरेख लागलं होतं!"

"मग? हात कुणाचा आहे?"

मला बोलता येत नाही तेच बरं. तुम्हाला सांगून बसले खरी. पण त्या दोघांपैकी कुणी भेटलं, तर तेवढा तेलाचा विषय काढू नका.