आधी माणूस, मग भांडण

नलूचा नवरा दामू गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी होता. इंजिन बंद पडलं, बोट वाहत हद्दीपार गेली आणि तेव्हापासून दोन वर्षं तो कराचीच्या तुरुंगात होता. शिक्षा भोगून झाली होती, सुटकेचंही ठरलं होतं. तेवढ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि दोन्ही सरकारांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं.

आता चिंधू तांडेल अख्ख्या आळीला टेम्पोत घालून पालघरला मोर्चा नेणार होता. मागणी एकच, हल्ला करा. नलूनं सगळ्यांच्या पुढे चालावं म्हणून तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. ती सुकट वाळत घालत होती.

"बोलून काय मिळालं तुला? दोन वर्सं बोलतच व्हते की," चिंधू म्हणाला.

हे खोटं नव्हतं, म्हणून तर नलूच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलणारे साहेब चहा पिऊन उठायचे नि पुढची तारीख द्यायचे. त्यांचाही तिला वीट आला होता. पण बॉम्बला काय कळतंय, कुठल्या भिंतीआड दामू आहे ते?

"चिंधूदादा, गेल्या साली तुमची जाळी शेजारच्या गावाच्या जाळ्यांवर पडली. त्यांनी तुमाला बोटीसकट धरून ठेवलं. आपले म्हातारे कोयते घेऊन गेले व्हते काय? नारळ घेऊन गेले. आदी माणूस द्या, मंग भांडू, म्हणाले."

किनाऱ्यावरची रीतच ती. समुद्रात डोकी फुटोत, धरलेला माणूस आधी घरी पोचवायचा.

"ते भांडण अजून मिटलं नाय," नलू म्हणाली. "पण तुमी घरी आलात."

चिंधूनं मान खाली घातली. "ते येगळं," एवढं म्हणून तो चालू लागला. काय वेगळं, ते काही त्यानं सांगितलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार, पण त्याला आधी शहाणा लागतो.

नलू त्याच्यामागून रस्त्यावर आली. टेम्पोच्या बाजूला दामूचा लग्नातला फोटो मोठा करून लावला होता. खाली लिहिलं होतं, बदला घ्या. आणि फोटोला झेंडूचा हार.

नलू पुढे झाली. "जित्या माणसाला हार घालता?" तिनं हार ओढून तोडला. घोषणा सुरू झाल्या, टेम्पो हलला.

मागे लटकलेला चिंधूचा भाऊ कुंदन तिला समजुतीनं म्हणाला, "ऱ्हाऊ दे वयनी, हार पालघरला दुसरा मिळंल."