चपट्या तळाची होडी

मला होडीतलं काही कळत नाही, असं मी २००४ सालच्या जानेवारीत धायरीच्या एका शेडमध्ये तीन माणसांसमोर सांगितलं. त्यातल्या दोघांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं. तिसरे आमचे व्याही, अनिरुद्धराव. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, कारण समोरच्याला काही कळत नाही यावर त्यांचा मुळातच विश्वास आहे.

माझा जन्म आंबशेतच्या खाडीवरचा. आम्ही भोई. पाटी-पेन्सिलीच्या आधी हातात वल्हं आलं. बाबा वारले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि सुखदेव अकराचा. मला शाळेत गती होती, म्हणून मी शाळेत राहिलो आणि तो होडीवर गेला. हे कोणी बसून ठरवलं नाही, पण माझी फी त्याने पकडलेल्या कोळंबीवर भरली गेली हे मला रोज दिसत होतं.

पुढे शिकायला पुण्यात आलो. सदाशिव पेठेत खोली शोधताना तीन घरमालकांनी आडनाव विचारलं आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. चौथ्याला मी गावाचं नाव लावून आंबशेतकर असं सांगितलं. त्याने खोली दिली आणि वर सत्यनारायणाचा प्रसादही दिला. तेव्हापासून मी दशरथ आंबशेतकर. कारखान्यात लागलो, फोरमन झालो, कोथरूडला फ्लॅट घेतला. मग उदारीकरण आलं आणि कंपनीने आम्हा दोनशे जणांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आमची. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा दिग्विजय मात्र हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसून माझ्या वर्षाच्या पगाराएवढं महिन्याला आणू लागला.

त्याने लग्न जमवलं ते ऑफिसातल्या पूर्णिमाशी. बोलणी करायला अनिरुद्धराव आले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "गावी काय असतं आपलं?" मी म्हणालो, "नारळाची थोडी बाग आहे. खाडीत होडी आहे, मासेमारी गडी करतात." दिग्विजय शेजारीच बसला होता. त्याने चहाच्या कपात बघितलं. व्हिसाच्या घाईत लग्न नोंदणी पद्धतीने झालं, दोन्हीकडची दहा-दहा माणसं. माझ्या दहांत सुखदेव नव्हता. कारखान्यातले चार जण होते.

म्हणून मनाला लागलं होतं. मुलगा-सून अमेरिकेहून वर्षभराने परत आली, तेव्हा मीच दिग्विजयला म्हटलं की काकाची लाकडी होडी कुजलीय, त्याला फायबरची घेऊन देऊ. तो लगेच तयार झाला. "मस्त! काकाला फिशिंगला होईल, आणि आपण गेलो की फॅमिलीला पण होईल." लगेच त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. लांबी, रुंदी, सीट्स, सेफ्टी, लुक्स. किती पाण्यात तरंगते, हा रकाना त्यात नव्हता. मीही तो घालायला सांगितला नाही. सुखदेव स्वतः येऊन निवडेल, मग प्रश्नच मिटला, असं मी धरून चाललो.

सुखदेव सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरला. धुतलेला सदरा, हातात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी, खिशात सुंभाची गुंडाळी. बाबांच्या होडीची मापं त्याने सुंभाला गाठी मारून आणली होती. पहिली गाठ तळाच्या रुंदीची, दुसरी काठाच्या उंचीची. स्कूटरवर मागे बसून तो माझ्या कानात बोलत होता.

"दादा, तळ चपटा पायजे. बाकी रंग कुठला पन घे. ओहोटीला आपल्या खाडीत हातभर पानी नाय रवत. होडी चिखलावर सरळ बसली पायजे."

"अरे, मला सांगतोस?"

"तसं नाय. पुन्यात ऱ्हाऊन इसरला असशील." तो हसला. "आनि जुनी मी मोडली. तुझा फोन आला त्याच दिवशी. दोन होड्या एका खुंट्याला नाय बांधत आपल्यात."

मी विचारलं, "इतकी घाई कशाला केलीस?"

"तू सांगितलंस म्हनजे झालंच ना," तो म्हणाला.

धायरीच्या त्या फायबरच्या शेडमध्ये पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या आणि तलावात पायाने चालवायचे हंस यांच्या मधोमध दोन होड्या ठेवल्या होत्या. एक चपट्या तळाची, मातकट रंगाची, आत मोकळी, काठ बुटके. दुसरी निळी, टोकदार तळाची, गाद्यांची बाकं, वर छत. सुखदेवने चपला बाहेर काढल्या आणि सरळ पहिलीकडे गेला. गुडघ्यावर बसून त्याने तळाखालून तळवा फिरवला. मग सुंभ लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. जमलं होतं. दोन मिनिटांत जमलं होतं.

तेवढ्यात दिग्विजयची गाडी आली. तिच्यातून अनिरुद्धराव उतरले. दिग्विजय माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "बाबा, ते म्हणाले मीही येतो. मी काय सांगणार?" अनिरुद्धराव बँकेतून निवृत्त झालेले, पण कॉलेजात असताना बोट क्लबात होते आणि मुठेच्या पाण्यावर त्यांना एक पदक मिळालं होतं. त्या पदकाच्या जोरावर ते समुद्राबद्दल बोलतात.

त्यांनी गुडघ्यावर बसलेल्या सुखदेवकडे पाहिलं. "हा तुमचा गडी वाटतं? बरं केलंत आणलंत. शेवटी चालवायची त्यालाच."

मला वेळ होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं की सगळं इतकं पटकन झालं. पटकन काही झालं नाही. कारागिराने टाकी घासणं थांबवलं होतं, दिग्विजय माझ्याकडे बघत होता, सुखदेव सुंभ हातात धरून माझ्याकडे बघत होता. नाक-डोळे आमचे सारखे आहेत. कोणीही नीट पाहिलं असतं तर ओळखलं असतं.

"हो," मी म्हणालो. "सुखदेव नाव त्याचं."

सुखदेवने सुंभाची गुंडाळी केली, खिशात घातली आणि तो भिंतीकडे जाऊन उभा राहिला. शेडच्या मालकाने तीन खुर्च्या मागवल्या. तीन कपांत चहा आला. सुखदेवला कारागिरांबरोबर काचेच्या ग्लासातून मिळाला. तो त्याने हात पुसून घेतला.

अनिरुद्धराव बुटांसकट निळ्या होडीत चढले. आमच्यात होडीत चप्पल घालून चढत नाहीत, देवघरात जसं जात नाहीत तसं. मग "या की" म्हणाले, तेव्हा मीही बुटांसकट चढलो. सुखदेव भिंतीकडून पाहत होता.

"तळ टोकदारच हवा, पाणी कापत जातं," अनिरुद्धरावांनी निकाल दिला. "ती दुसरी काय, परात आहे. पूर्णिमा बसेल का त्यात?"

दिग्विजय अडखळत म्हणाला, "पण फिशिंगसाठी… बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

त्याने मला दार उघडून दिलं होतं, त्याचा दोष नाही. पण एक वाक्य बोललो असतो तर दुसरं बोलावं लागलं असतं. तळाचं मला कसं कळतं, कोणी शिकवलं, कोणाच्या होडीवर. म्हणून मी म्हणालो, "मला होडीतलं काही कळत नाही."

अनिरुद्धराव मोठ्या मनाने भिंतीकडे वळले. "काय रे सुखदेव, चालेल ना ही?"

"सायब घेतील ती," सुखदेव म्हणाला. तो माझ्याबद्दल बोलत होता.

निळी होडी घेतली. संध्याकाळच्या गाडीला त्याला स्कूटरवरून सोडायला गेलो. फलाटावर मी म्हणालो, "अरे, मी वेळ बघून सांगणारच होतो त्यांना." तो म्हणाला, "सोडे तुझ्या डिकीत ऱ्हायलेत, काढून घे. वास सुटेल." आणि गाडीत चढला.

होडी बदलून घेता आली असती. शेडचा मालक तयार झाला असता. पण बदलायची म्हणजे कारण द्यायचं, आणि कारण माझ्याकडे एकच होतं. फेब्रुवारीत होडी ट्रकमधून गावी गेली. सुट्टीत जाऊ या, असं पूर्णिमा दर आठवड्याला म्हणायची. मी कधी उकाडा काढला, कधी रस्ता खराब आहे म्हटलं. गावी बाग नव्हती, गडी नव्हता, आणि उतरायचं झालं तर सुखदेवच्याच घरात. फॅमिलीसाठी घेतलेल्या होडीत फॅमिलीने पाऊल ठेवलं नाही.

मे महिन्यात मी एकटाच गेलो. निळी होडी काठावर माडाच्या झावळ्यांखाली ठेवलेली होती. गाद्या कोरड्या, स्वच्छ पुसलेल्या. सुखदेव घरात नव्हता. त्याची बायको गोदाबाई उंबऱ्यावर जाळं निवडत होती. तिने पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं.

"दोन महिनं वापरली. ओहोटीला चिखलात आडवी पडायची. बाकांमुळं जालं वढायला उभं ऱ्हायला जागा नाय. चैतात एकदा पलटली, जालं गेलं, म्हावरा गेला. तवापासून ज्ञानदेवाच्या ट्रॉलरवर जातात. मजुरीवर."

"मला का नाही कळवलं?"

"ते म्हनले, दादाची लोकांत आडचन व्हईल."

मी धक्क्यावर गेलो. ट्रॉलर लागली होती. मजुरांच्या रांगेत चौथा सुखदेव होता, डोक्यावर बर्फाची पेटी, पाण्याने मान भिजलेली. वय त्रेपन्न. वरून ज्ञानदेवाचा मुलगा ओरडत होता, "ए सुखदेव, पाय उचल जरा!" बाबांच्या मागे बेचाळीस वर्षं तो स्वतःच्या होडीवर स्वतःच्या हुकमाने गेला होता. कोणी त्याला ए म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पोराने मला विचारलं, "कोन पायजे, सायब?"

"भाऊ आहे माझा तो," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. तिथे सगळ्या खाडीला ते माहीतच होतं. सुखदेवने ऐकलं असेल, पण पेटी डोक्यावर होती, त्याला वळता आलं नाही.

मी दुसरी होडी घेऊन देतो म्हणालो, त्याच रात्री आणि नंतर पत्राने. नको म्हणाला. रागाने नाही. आता अंगात तेवढं उरलं नाही, म्हणाला, आणि मजुरीत बरं असतं, निवडायचं काही नसतं.

पुण्याला आल्यावर अनिरुद्धराव रविवारी जेवायला आले. पूर्णिमाने सुरमई केली होती. काटे काढता काढता त्यांना आठवण झाली. "काय हो, तुमचा तो होडीवरचा गडी कसा आहे?"

दिग्विजयचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्याकडे लागला," मी म्हणालो.

"बघा!" अनिरुद्धराव हळहळले. "चांगला होता हो. डोळ्यांवरूनच कळत होतं. अशी माणसं जपावी लागतात, दशरथराव."

मी त्यांना भात वाढला.