हरकतीचं कारण

दाक्षायणीला अठरा पूर्ण झाली, त्याच महिन्यात बँकेनं निंगव्वाला सांगितलं, की मुलगी आता सज्ञान आहे, तिच्या जागी तुमची सही चालणार नाही. अठरा वर्षं भरवलं, न्हाऊ घातलं, फिट आली की मांडीवर घेतलं. तो हक्क एका वाढदिवसानं गेला. नवरा कधीचा वारलेला. निंगव्वानं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज केला. तेरा महिन्यांनी हावेरीच्या कचेरीत समितीपुढे बोलावणं आलं, आणि तिथं कळलं, की अर्जावर हरकत आहे. हरकत घेणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ, चन्नवीर.

तो बाहेरच्या बाकावर भाचीला चुरमुरे भरवत बसला होता.

"अक्का, रागावू नकोस. मी काय परका आहे?"

"परका असतास तर वकील लावला असता. सख्ख्याचं काय करू?"

मुलीला शिपायाजवळ बसवून दोघं आत गेले. समितीत तिघं होते: अप्पर जिल्हाधिकारी, एका संस्थेच्या बाई, आणि अपंगांचा प्रतिनिधी म्हणून पोलिओनं पाय गेलेला फकीरेश, त्याच्या कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या. साहेबांनी हरकत वाचली. आई एकटी, तिला रक्तदाब. मी मामा, मुलीची आजन्म जबाबदारी घेतो. सोबत एक फोटो.

फोटो दाक्षायणीला पहिली पाळी आली, ती शहाणी झाली तेव्हाचा. अंगावर मामानं आणलेली हिरवी साडी, ओटीत नारळ, शेजारी मामा. त्या वेळी बायका म्हणाल्या होत्या, हिला काय कळतंय, हिची आरती कशाला? निंगव्वा हट्टाला पेटली. सगळ्यांच्या मुलींची होते, माझ्याच मुलीची का नाही? तिनं स्वतः फोन करून भावाला साडी आणायला सांगितली होती. तोच फोटो आज तिच्याविरुद्ध लावलेला.

"आजन्म म्हणजे?" संस्थेच्या बाईंनी विचारलं.

चन्नवीर खाली बघून हसला. "बहिणीची मुलगी म्हणजे आमच्यात मामाच्या हक्काची, बाई. लग्न करतो. हिला दुसरं कोण करणार? मीही एक्केचाळीसचा, बिनलग्नाचा."

साहेबांचा चेहरा सैल झाला. "मग प्रश्नच मिटला की! घरचाच माणूस. नशीबवान आहात, ताई. पुढच्या बैठकीला दोघं मिळून एकच अर्ज द्या."

निंगव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावानं घरी लग्नाचं काढल्यापासून तेरा महिने ती हेच ऐकत होती. सासू म्हणाली, देवमाणूस आहे. गिरणीवाला म्हणाला, दारात आलेला देव परत पाठवू नकोस. चन्नवीर दारू पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता. तिला त्याचाच जास्त संताप येई. वाईट असता तर कुणीतरी तिच्या बाजूनं बोललं असतं.

"साहेब, तो आत्ता बोलला ते लिहून घ्या."

"म्हणजे?"

"कागदावर जबाबदारी म्हणतोय, तोंडानं लग्न म्हणतोय. खरं कारण लिहा. जिला साडी नेसता येत नाही, जी पाळी आली की घाबरून रडते, लग्न म्हणजे जेवणावळ समजते, तिच्याशी मला संसार करायचाय, म्हणून मला तिचा पालक करा. खाली त्याची सही घ्या."

"ताई, आवाज जरा..."

"आवाज? गल्लीभर हे मोठ्यानं बोलतात, वाजंत्री लावल्यासारखं. मग लिहायला लाज कसली?"

फकीरेशनं कोरा कागद ओढला. "बोला चन्नवीरप्पा, मी लिहितो." चार ओळी लिहून त्यानं सरळ स्वरात वाचल्या. "मी चन्नवीर, वय एक्केचाळीस. माझी भाची दाक्षायणी, वय एकोणीस, बौद्धिक अपंगत्व पंचाहत्तर टक्के. हिच्याशी मला... पुढं?"

चन्नवीरचे कान लाल झाले. "असं लिहिल्यावर वेगळंच वाटतंय."

"वेगळं कुठं? तुझंच बोलणं आहे," निंगव्वा म्हणाली. "कर सही."

"अक्का, घरी बोलू."

"घरी तेरा महिने बोललास."

त्यानं पेन उचललं नाही. "लोकांनीच डोक्यात भरवलं," एवढं पुटपुटला. फकीरेशनं हरकत मागे घेतल्याचा कागद पुढं केला, त्यावर मात्र चन्नवीरनं सही केली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडला.

साहेबांनी निंगव्वाच्या नेमणुकीचा शेरा मारला. "झालं तुमच्या मनासारखं. भावाशी मात्र गोडीनं राहा. तुमच्यामागं मुलीला कोण आहे?"

"ते मला रोज झोपताना आठवतं, साहेब. तुम्ही नका आठवण करून देऊ. मला नशीबवान म्हणालात, ते तेवढं परत घ्या."

साहेबांनी पुढची फाईल उघडली.

बाहेर दाक्षायणी जिन्याकडे टक लावून उभी होती. "मामा? मामा घरी येणार?"

"नाही."

तिनं जमिनीवर बसकण मारली आणि गळा काढला. ओळीतली माणसं वळून बघू लागली. कारकून दारात आला. "बाई, गप्प करा तिला. आत साहेब आहेत."

"रडू दे," निंगव्वा म्हणाली. "मामा गेलाय तिचा."