कोमट्याच्या चाहत्यांच्या तावडीत

मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. हात धुतले आहेत का? नसतील तर आधी धुवून या, मी थांबतो. मित्रांनो, रागावू नका. माझा स्वभावच संशयी आहे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. माझे तोंड कशाकशाने पोळले ते ऐकलेत, तर तुम्हीही मला नावे ठेवणार नाही.

खरे तर मी जन्माने एक नाही, पाच आहे. 'कोमट हातांचा जादूगार' या नावाची पाच पातळ पुस्तके एकामागून एक निघाली. त्यांत जादूगारांची एक शाळा आहे. तिथे कोणी वीज पाडतो, कोणी डोंगर हलवतो. आमच्या नायकाला, म्हणजे कोमट्याला, मात्र एकच विद्या येते. तो ज्याला हात लावील ते कोमट होते. उकळत नाही, गोठतही नाही. त्याच्या वर्गातली मुले आंघोळीचे पाणी त्याच्याकडून तापवून घेतात आणि लढाईला निघाली की त्यालाच सामान राखायला बसवतात. असा नायक कोणाला आवडणार? वाचकांना वीज पाडणारे नायक हवे होते. त्यामुळे आम्ही पाचही जण दुकानात धूळ खात पडलो. शेवटी एका वाचनालयाने खपाऊ पुस्तकांचा मोठा गठ्ठा घेतला, तेव्हा दुकानदाराने आम्हाला वर फुकट म्हणून त्यात घालून दिले.

पातळ पुस्तके हरवतात, म्हणून वाचनालयाने आम्हाला बाइंडरकडे धाडले. त्याने आमची रंगीत मुखपृष्ठे सोलून काढली. मग आम्हाला एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळले, दाभणाने भोके पाडली, दोरा ओवला, सरस फासला आणि वर काळा पुठ्ठा चढवला. हे सगळे करताना तो प्रेमाने म्हणत होता, "आता बघ, शंभर वर्षं हलणार नाहीस." तुमच्या पाठीत कोणी दाभण खुपसले आणि वर हे तुझ्याच भल्यासाठी आहे असे सांगितले, तर तुमचा तरी माणसांवर विश्वास राहील का?

पुढे वाचनालयातल्या शिपाईदादांनी पाठीवरचे नाव अर्धेच वाचले आणि मला आरोग्याच्या कपाटात ठेवले. कोमट म्हटल्यावर त्यांना दुसरे काय सुचणार! माझ्या एका बाजूला गुडघेदुखीचे पुस्तक होते आणि दुसऱ्या बाजूला बद्धकोष्ठतेचे. पोट साफ होत नसलेली माणसे मोठ्या आशेने मला घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडे करून परत आणत. एक आजोबा तर काउंटरवर मला आपटून म्हणाले, "अहो, यात राक्षस आहेत!" त्या दिवसापासून मी कोणी हात लावला की आधी त्याचा चेहरा पाहू लागलो.

असाच एकदा चष्म्याच्या दुकानाचा मालक डोळ्यांच्या व्यायामाचे पुस्तक शोधत आला. सगळे त्याला चष्मेवाले काका म्हणत. त्यांनी मला उघडले, दोन पाने चाळली आणि तिथेच स्टुलावर बसले. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी ते उठेनात. मला घरी नेल्यावर त्यांनी मला जेवताना वाचले, पलंगावर वाचले आणि दुकानात भिंगे घासता घासताही वाचले. मला बरे वाटले. पण लगेच शंकाही आली, कारण एवढे प्रेम कोणी उगाच करत नाही.

काकांनी मग दोन माणसांना नादी लावले. एक होती बसवरची कंडक्टरताई. दुसरा गॅरेजवाला. त्याच्या बोटांना कायम ग्रीस असे, म्हणून तो हातमोजे घालून मला वाचायचा. हे तिघे सुटीच्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत जमत आणि तावातावाने भांडत. तिसऱ्या भागात कोमट्या एका अजस्र पक्ष्याचे अंडे अख्खा हिवाळा कुशीत धरून बसतो. ते दयेपोटी, की त्याला दुसरे काम कोणी दिलेच नव्हते म्हणून? या एका प्रश्नावरून कंडक्टरताई आणि गॅरेजवाला महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. काकांनी तर कहर केला. डोळे तपासताना वाचायला देतात ना तो तक्ता, त्यावरची नेहमीची अक्षरे काढून त्यांनी माझ्या सुरुवातीच्या ओळी छापून घेतल्या. वरची ओळ मोठ्या अक्षरात, खालच्या लहान लहान होत गेलेल्या. नंबर काढायला आलेला माणूस एक डोळा झाकून वाचायचा, "त्याच्या हातात वीज नव्हती. आग नव्हती."

तर असे हे दिवस चालले होते आणि एके दिवशी वाचनालयात पाटी लागली. जे पुस्तक वर्षभरात कोणी नेणार नाही, ते रद्दीत जाईल. माझी नवी छपाई कधीच बंद झाली होती. मी गेलो असतो तर कोमट्या जगातून गेला असता.

त्यानंतर तिघांचे वागणेच बदलले. ते कोपऱ्यात कुजबुजू लागले. "कोणाला बोलू नकोस हं," असे कंडक्टरताई म्हणाल्याचे मी स्वतः ऐकले. काकांनी मला जाड प्लास्टिकचे वेष्टन घातले आणि कडांना चिकटपट्टी लावली. मग सुरू झाली माझी फिरती. काकांनी काउंटरवर मला परत करायचे आणि त्याच क्षणी कंडक्टरताईंनी आपले कार्ड पुढे करायचे. ताईंकडून गॅरेजवाल्याकडे, त्याच्याकडून पुन्हा काकांकडे. कपाटात माझे बूड टेकतच नव्हते. आणि घरी नेल्यावर? ताई मला चादरींच्या घडीखाली दडपून ठेवत. गॅरेजवाला मला पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावी. मला उघडत कोणीच नव्हते. वाचायचे नाही, तर न्यायचे कशाला? मी अंधारात पडून एकच विचार करायचो. हे मला कोणाला तरी विकणार. नाहीतर माझी आठवण बुजली की गुपचूप जाळणार.

ग्रंथपाल बाईंनाही संशय आला होता. एकदा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय हो, हे पुस्तक आहे की पत्त्यांतला जोकर? सारखं तुमच्या तिघांतच फिरतंय."

"आवडतं हो आम्हाला," गॅरेजवाला म्हणाला.

"आवडतं तर पानं तरी उलटा. वेष्टनाची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही."

तेव्हा काका जे बोलले ते ऐकून मी चाट पडलो. "बाई, पाठच आहे सगळं. पण कोणी नेलं नाही तर तुम्ही रद्दीत घालाल. म्हणून आलटून पालटून नेतो. वेष्टन फाटू नये म्हणून उघडत नाही."

म्हणजे मित्रांनो, ज्यांना मी वैरी समजत होतो, ते मला जगवत होते! मला लाज वाटली पाहिजे होती. पण खरे सांगू? मला रागच आला. डब्यात घालून जगवलेले पुस्तक आणि रद्दीत गेलेले पुस्तक, दोन्ही सारखेच मुके. मला वाचक हवा होता. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक नाही असा, निदान एक. आणि जोवर मी या तिघांच्या हातात होतो, तोवर तो मला मिळणे शक्य नव्हते.

तो वाचक चष्म्याच्या दुकानातूनच यायचा होता. बँकेच्या दारावरचा एक गार्ड नंबर काढायला काकांकडे गेला. दारात मावणार नाही एवढा माणूस आणि तशाच मिशा. तक्ता वाचता वाचता तो शेवटच्या बारीक ओळीला अडला.

"पुढचं दिसत नाही, काका. वीज नव्हती, आग नव्हती, मग होतं काय त्याच्याकडे?"

काकांनी भिंग बदलले. त्याने ती ओळ वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "हे पुस्तक कुठे मिळेल? माझ्या मुलीला पाहिजे. शाळेच्या धावण्याच्या संघातून काढलं तिला. तेव्हापासून घराबाहेर पडत नाही, पुस्तकालाही हात लावत नाही. म्हणते, मला काहीच येत नाही."

ज्या काकांनी तो तक्ता छापून घेतला, त्यांनीच आता काय म्हणावे? "मिळत नाही हो. छपाई बंद आहे." त्या वेळी मी त्यांच्याच काउंटरखाली, पिशवीत होतो! एवढ्या मोठ्या हातांत मी टिकणार नाही, असे त्यांना वाटले असावे. ज्याला आपण जीव लावतो त्याच्या बाबतीत माणूस असा कद्रू होतो.

गार्ड मात्र चिवट निघाला. त्याने वाचनालयात जाऊन तक्त्यावरच्या ओळी म्हणून दाखवल्या. बाई म्हणाल्या, "बाहेर गेलंय." तो पुन्हा गेला, पुन्हा बाहेर गेलेले. मग बाईंनीच त्याला माझ्या फिरतीची वेळ सांगितली. पुढच्या खेपेला काकांनी मला काउंटरवर ठेवले, ताईंनी कार्ड पुढे केले, आणि मध्येच एक भला मोठा हात आला.

"यांनी आधी मागणी केली आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"अहो, पण ते..." ताईंनी कार्ड आणखी पुढे सरकवले.

"जपून हं," ताईंच्या मागे उभा असलेला गॅरेजवाला गार्डला म्हणाला. "पान दुमडू नका. ओला हात लावू नका. उन्हात ठेवू नका."

"आणि उपाशी ठेवू का?" गार्डने विचारले आणि मला काखेत मारून तो निघाला.

मी मनात म्हटले, आता संपलो. माझा संशय खोटा नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, तिने मला त्याखाली सरकवले. गार्डने पाहिले, पण तो तिला रागावला नाही. मी चिरडत होतो आणि चादरींच्या घडीला आठवत होतो. मग एका दुपारी तिला करमेना. तिने मला ओढून काढले. वेष्टनाला टेबलाच्या पायाने भोक पडलेच होते, तिने ते पूर्ण ओरबाडले. चिकटपट्टी निघाली. किती काळाने माझ्या पानांना वारा लागला! तिने पहिले पान वाचले, मग दुसरे. आंघोळीच्या पाण्याचा प्रसंग आला तेव्हा ती फिस्सकन हसली. नंतर ती हसायची थांबली आणि तिने पाय पोटाशी घेतले.

परत करायची तारीख टळली. मग काय, तिघांचा धीर सुटला. पुस्तक बुडाले, पानांत भजी बांधली गेली, या खात्रीनेच ते गार्डच्या घरी येऊन थडकले. गार्डने दार उघडले.

"पुस्तक?" ताईंनी विचारले. नमस्कारसुद्धा नाही.

गार्डने आत बोट दाखवले. मी मुलीच्या मांडीवर होतो. वेष्टन नव्हते. कोपऱ्यावर तेलाचा डाग होता आणि बरीच पाने दुमडलेली होती. गॅरेजवाल्याच्या तोंडून "अगं आई गं" एवढेच निघाले. तो मला उचलायला पुढे झाला. तेवढ्यात मुलीने मान वर केली. ती त्यांना ओळखत नव्हती आणि कोण आहात हेही तिने विचारले नाही. तिचे डोळे लाल होते.

"तुम्ही हे वाचलंय?" ती म्हणाली. "चौथा भाग चाललाय. सगळे पळून गेलेत, बर्फ दारापर्यंत आलाय. तो पक्षी येईल का आता? येईल ना?"

तिघांची तोंडे एकदम उघडली. इतकी वर्षे ज्यावर ते बोलत आले, ते उत्तर तिघांच्याही जिभेवर होते. ताई बोलणारच होत्या. काकांनी पटकन त्यांचा हात दाबला.

"वाच," काका म्हणाले. "आम्ही थांबतो."

मग ते तिघे सतरंजीवर ओळीने बसले. गार्डने पाणी आणून दिले, त्याला कोणी हात लावला नाही. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने पान उलटले. पक्षी आला की नाही, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. पण तिने दोन्ही हात तोंडावर नेले आणि मी तिच्या मांडीवरून घसरून जमिनीवर आपटलो, बाइंडरची शिवण उसवली, तरी गॅरेजवाला जागचा हलला नाही. तो डोळे पुसत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आपल्याला आता हे असं पहिल्यांदा कधीच वाचता येणार नाही."

मुलीने मला उचलले आणि पुढचे पान उघडले. जाताना मला परत न्यायचे ते तिघेही विसरले.

मित्रांनो, आता माझी शिवण ढिली आहे आणि दुसऱ्या भागाची चार पाने लोंबतात. तरी तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात, शाळेत, कुठल्यातरी चुकीच्या कपाटात माझ्यासारखे कोणी पडले असेल. ते तुम्हाला फार आवडत असेल, तर ते कुलपात ठेवू नका. ज्याने वाचले नाही त्याच्या हातात द्या, आणि शेवट सांगू नका. ते फाटेल, डागाळेल. फाटू द्या. आणि सुरुवातीला मी हात धुवायला सांगितले होते ना, ते राहू द्या. तसेच या.