मी तीन बोटं झिजले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. नाकं मुरडू नका! बाभळीच्या लाकडाची आहे, म्हणून बोलायला जरा काटेरी आहे. पण अंगानं सरळ आहे. वाकडी असते तर माझ्या आधारानं कोण चाललं असतं?

आपलं महाराष्ट्र राज्य झालं, त्या साली साखरखेर्ड्याच्या पुंजाजी सुतारानं मला शकुंतलेसाठी घडवलं. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. आईवडील नव्हते. थोरला भाऊ मोतीराम भाजीपाला पिकवायचा आणि बहिणीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. इतकं जपायचा, की तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही. त्याची माया तिला कळत होती, पण घास घशाखाली उतरत नव्हता. आपल्या ताटातली भाकर आपल्या कमाईची असावी, एवढाच तिचा हट्ट होता.

म्हणून ती आठवडी बाजारात चोळीचं कापड विकायला बसू लागली. महिन्यातून एकदा एसटीनं मेहकरला जायची आणि ठोक माल आणायची. आता एका काखेत मी, दुसऱ्या हातात गाठोडं. मग कापड मापायचा गज धरायचा कुठे? पुंजाजीनं डोकं लढवलं. माझ्या खालच्या टोकापासून बरोबर एक वार मोजला आणि तिथे पितळेची चूक ठोकली. चूक म्हणजे बारका खिळा, बरं का. दुसरी चूक पुढे यायची आहे.

झालं! चालताना मी पाय, बसल्यावर मी गज. फडक्यानं माझं टोक पुसायचं, कापड लावायचं, खिळ्यापर्यंत ताणायचं आणि टर्रकन फाडायचं. काय तोरा होता माझा! पहिल्या कमाईतून शकुंतलेनं घरात पायलीभर ज्वारी आणली. वहिनीनं त्या पिठाची पहिली भाकर तिलाच वाढली, तेव्हा ती रोजच्यापेक्षा दीड भाकर जास्त जेवली. तिला तसं जेवताना पाहून मला फार आनंद झाला.

दोन वर्षं अशी मजेत गेली. मग तिची पाठ दुखू लागली. खांदा एका बाजूला कलला. बाजाराच्या वाटेवर ती तीन-तीनदा थांबू लागली. गाव म्हणे, पायाचं दुखणं आता कमरेत चढलं. तीही मनातून घाबरली होती, पण बोलली कुणाजवळ नाही. शेवटी एका सकाळी मोतीरामनं तिचं गाठोडं उचलून आत नेऊन ठेवलं.

"शकू, पुरे झाला आता बाजार," तो म्हणाला. "तू घरी बस. मी आहो ना तुह्यासाठी."

तो चिडला असता तर ती भांडली असती. मायेशी कसं भांडायचं? एवढा एक बाजार करते आणि मग बसते, असं सांगून ती निघाली. 

बाजारात पहिल्याच आल्या सत्यभामाबाई. जिभेला हाड नसलेली बाई म्हणून गावात प्रसिद्ध. पण त्या दिवशी हळूच जवळ बसल्या.

"शकुंतले, पोरीच्या लग्नाच्या चोळीले बाही पुरून नाई राह्यली. कापड तं तूच मापलं होतं."

शकुंतलेचं तोंड एवढंसं झालं. बाजार सोडायची वेळ आलीच होती, त्यात आता लबाडीचा बट्टाही लागायचा? तिनं शेजारच्या निवृत्ती शिंप्याचा लोखंडी गज मागून घेतला आणि माझ्याशेजारी ठेवला.

मी तीन बोटं आखूड भरले!

दोन वर्षं मुरमाच्या वाटेवर चालून चालून माझं टोक झिजलं होतं, आणि माझ्याबरोबर मापही. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता ही मला चुलीत घालणार. आणि शकुंतला? ती चक्क हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी नाई खचली वो मावशी," ती म्हणाली, "हे कुबडी झिजली!"

आखूड कुबडीवर भार टाकून ती रोज वाकून चालत होती. म्हणून खांदा कलला, म्हणून पाठ धरली. दुखणं वाढलंच नव्हतं!

तिनं बाईंना बाहीचं कापड तिथल्या तिथे दिलं. मग भर बाजारात सांगितलं, की माझं माप चुकलं. ज्यांनी ज्यांनी कापड नेलं, त्यांना पुढच्या खेपेला हातभर जास्त देईन. कधी काही न नेलेल्या दोघी-तिघीही हात पसरून आल्या. त्यांना सत्यभामाबाईंनीच हुसकावलं. त्या महिन्यात नफा काही राहिला नाही, पण गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

पुंजाजीनं मला नवं टोक सांधलं आणि ते पुन्हा झिजू नये म्हणून त्यावर लोखंडी शेंबी चढवली. शकुंतलेनं स्वतःचा गज घेतला आणि तो निवृत्ती शिंप्याकडेच ठेवू लागली. मापाचं काम गेलं म्हणून मी दोन दिवस रुसले होते, खोटं कशाला सांगू? पण तिसऱ्या दिवशी ती माझ्या आधारानं ताठ उभी राहिली आणि माझा रुसवा गेला.

पुढच्या बाजारी मोतीराम आला. बायकोसाठी चोळीचं कापड मागितलं. शकुंतलेनं नीट मापून दिलं आणि हात पुढे केला.

"दादा, उधार बंद आहे."

मोतीराम पाहतच राहिला. मग खो-खो हसला, कनवटीचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवले आणि गाठोड्याला हात न लावता घरी गेला.

मित्रांनो, आज मी म्हातारी आहे. खुंटीला टांगलेली असते. एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर रोज भार टाकता, त्याच्याकडे अधूनमधून बघत जा. झिजणारा सांगत नाही. आणि तुमच्या गावात एखादी शकुंतला दमलेली, वाकलेली दिसली, तर लगेच तिला 'घरी बस' म्हणू नका. आधी तिची कुबडी मापून पाहा.